हिवाळा, हात आणि सवड

थंडीचे दिवस लागले की शहरांतील वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हस्तकलेला बहर येतो. विणकामाचे आणि गोधड्या शिवण्याचे वर्ग भरतात, प्रदर्शने मांडली जातात आणि हाताने काही घडवू पाहणाऱ्याने प्रेरणा कोठून घ्यावी याविषयी सल्ले दिले जातात. सल्ले बहुधा ठरीव असतात. निसर्गाकडे पाहावे, धुक्याचे रंग टिपावेत, जुने नमुने चाळावेत, मन शांत ठेवावे. यात खोटे काही नाही. परंतु प्रेरणा ही जणू केवळ मनाची अवस्था आहे, आणि ती प्राप्त झाली की हात आपोआप चालू लागतात, असे या सल्ल्यांत गृहीत धरलेले असते. ते गृहीत तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. येथे थंडी आहे, लोकर आहे, विणणारे हात आहेत, शिवणारे हात आहेत. आणि तरीही येथील घोंगडीचे माग एकामागून एक थांबले आहेत. सणगरांच्या आणि धनगरांच्या घरांतून प्रेरणा अचानक नाहीशी झाली, असे या गोष्टीचे स्पष्टीकरण कोणी देऊ शकणार नाही. कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

हे दोन्ही जिल्हे मुळात एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा काढला गेला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नामकरण झाले. पश्चिमेला महाबळेश्वर, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेचा पट्टा. माणमध्ये वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. उघड्या माळावर दिवसा ऊन भाजते आणि पौष-माघातील रात्री अंगाचा थरकाप होतो. या माळावर धान्यापेक्षा मेंढी अधिक भरवशाची होती. दख्खनी मेंढी आखूड गवतावर जगते, मैलोगणती चालते आणि तिच्या अंगावर राठ, काळीभोर लोकर येते. त्या लोकरीतून घोंगडी जन्माला आली. माणदेशाची हस्तकला ही अशी माणदेशाच्या हवामानाने घडवलेली आहे.

घोंगडीची घडण समजून घेतल्यावाचून तिच्या कलेविषयी बोलण्यात अर्थ नाही. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती धुऊन, वाळवून, काळी, पांढरी, करडी अशी निवडतात. मग धनुकलीने पिंजतात. घरातील बाया चरख्यावर तिचे सूत कातून देतात. ताणा उभा राहिला की चिंचोक्यांची खळ कुंच्याने सुतावर चढवतात, म्हणजे राठ धाग्याला ताठपणा येतो आणि मागावर तो तुटत नाही. नंतर खड्डामागावर सणगर किंवा खुटेकर विणकर बसतो. रंग बाहेरून आणलेला नसतो. मेंढीने जे दिले त्याच तीन-चार छटांतून काठ आणि पट्टे काढायचे असतात. हातात एवढेच साहित्य असताना काळ्या अंगावर पांढरा पट्टा किती रुंद असावा आणि तो किती अंतरावर यावा, याचा निर्णय पिढ्यान् पिढ्यांच्या नजरेने केलेला आहे. त्यात जे सौंदर्य दिसते ते साधनांच्या मर्यादेतून आलेले आहे. घोंगडी पावसात डोक्यावर घेता येते, थंडीत पांघरता येते, माळावर अंथरता येते, बाजारात धान्य बांधून आणता येते. एवढ्या गरजा एका वस्त्रात भागवायच्या असल्यामुळे त्याचा आकार, वजन आणि वीण यांत व्यर्थ काही उरलेले नाही.

वाकळेचीही गोष्ट अशीच आहे. गोधडीला या भागात वाकळ म्हणतात. जुनी नऊवारी, फाटके धोतर, मुलांचे झबले यांचे थर एकावर एक घालून, बारीक धावदोऱ्याने कडेकडून मध्याकडे शिवत जाण्याचे हे काम घराघरांतील स्त्रियांनी केले. ते कलाकृती म्हणून कोणी पाहिले नाही आणि श्रम म्हणून कोणी मोजले नाही. कापड जेथे विरले तेथे ठिगळ येते आणि ठिगळ कोठे येणार हे झिजेने ठरवलेले असते. मात्र तेथे कोणत्या रंगाचे ठिगळ लावायचे, लुगड्याचा काठ आडवा घ्यावा की उभा, बाळाच्या दुपट्याला कोणता मऊ तुकडा राखून ठेवावा, हे निर्णय त्या स्त्रीचे असतात. दिवसभर दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे राबणाऱ्या बाईच्या आयुष्यात स्वतःच्या मताने निर्णय करण्याची जी थोडी ठिकाणे होती, त्यांपैकी वाकळ हे एक होते. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते त्यांच्या अंगावरील ठिगळांमुळे. ते नाव ऐकणाऱ्याला परके वाटत नसे, कारण तेच वस्त्र त्याच्याही घरात रोज अंथरले जात होते.

गरज, हाताशी असलेले साहित्य आणि स्वतःच्या मालकीचा थोडा वेळ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की सामान्य माणसाच्या हातून असामान्य वस्तू घडते. प्रेरणा ज्याला म्हणतात ती या तिन्हींच्या संयोगातून उत्पन्न होते. याला चौथी गोष्ट जोडावी लागते. केलेल्या वस्तूची पारख असणारा, ती वापरणारा माणूस जवळ असावा लागतो. त्याचा पुरावा मिरजेत आहे.

मिरजेचे शिकलगार हे मुळात शस्त्रांना धार लावणारे, शस्त्रे घडवणारे कारागीर. संस्थानी काळात लढाया संपल्या आणि तलवारीचे गिऱ्हाईक गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांच्यासारख्या कारागिरांनी सतार आणि तंबोरा करावयास घेतला. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे आश्रयदाते होते. गवई-बजवय्ये मिरजेत येत होते, राहत होते. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचेही वास्तव्य याच गावात झाले. भोपळा सोलापूर जिल्ह्यातून येतो, लाकूड बाहेरून येते, पण जवारी लावण्याचा कान मिरजेच्या गल्लीत तयार झाला. तार किंचित बेसूर बोलली तर तेथल्या तेथे सांगणारा गवई शेजारी होता, म्हणून तो तयार होऊ शकला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि त्या मानांकनाच्या मागे दीडशे वर्षांहून अधिक काळचा कारागीर आणि कलावंत यांचा शेजार आहे, हे विसरता कामा नये. पोलाद घडवणारे हात सूर घडवू लागले, ते समाजाने त्यांच्यापुढे नवी गरज ठेवली आणि ती पुरी करण्याइतका वेळ व मोबदला दिला म्हणून.

आता माणदेशाकडे पुन्हा वळले की काय बिघडले ते स्पष्ट दिसते. घोंगडीची गरज स्वस्त कांबळ्यांनी भागवली. देशोदेशीच्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचे पिंजण करून पानिपतच्या कारखान्यांत कांबळी निघतात. त्यांच्या जोडीला कृत्रिम धाग्यांची रंगीत ब्लँकेटे आठवडी बाजारात येऊन पडली. ज्या मजुराला चार माणसांचे पांघरूण एका दिवसाच्या मजुरीत बसवायचे आहे त्याने ते घेतले, यात त्याचा काहीही अपराध नाही. लोकरीचे मोल इतके घसरले की मेंढपाळाला कातरणीची मजुरीही त्यातून सुटेना आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून देण्याची पाळी आली. मग त्याने मेंढीच बदलली. जत तालुक्यातील माडग्याळ या गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी आज सर्वत्र मागणीत आहे. ती उंच असते, झपाट्याने वाढते, मांसाला चांगली किंमत मिळवून देते, आणि तिच्या अंगावर कामाची लोकर नाही म्हटले तरी चालेल. मेंढपाळाचा हिशेब चोख आहे. परंतु त्या हिशेबात चरख्यावरील बाई आणि मागावरील विणकर यांची नावे उरलेली नाहीत. साहित्य अशा रीतीने नाहीसे झाले.

आणि सवड? ती तर त्याआधीच गेली होती. दिवाळीनंतर मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे निघतो आणि पावसाच्या तोंडावर परततो, हे जुनेच चक्र आहे. त्याच्या जोडीला कृष्णाकाठी साखर कारखानदारी उभी राहिली. तिने दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिम भाग समृद्ध केला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण गळीत हंगाम ऐन थंडीत येतो. ज्या महिन्यांत माणदेशातील, जतमधील, बीडकडील स्त्रीच्या हाती सुई किंवा चरखा असण्याचा संभव होता, त्याच महिन्यांत तिच्या हाती कोयता असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि पहाटेच्या अंधारात फडावर जावे लागते. पाल्याच्या कोपीत, उघड्या रानात, कडाक्याच्या थंडीत तिची मुले झोपतात. त्यांच्या अंगावर बाजारातले पातळ ब्लँकेट असते. घोंगडीच्या देशातील मूल थंडीने कुडकुडते आणि त्याच देशातील लोकर बांधावर सडते. या दोन गोष्टी एकाच हंगामात, काही कोसांच्या अंतरावर घडतात. ज्या अर्थव्यवस्थेला त्यांची सांगड घालता येत नाही, तिला कार्यक्षम म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला गेलाच पाहिजे. घोंगडीचा हा शोक म्हणजे जुन्या खेड्याचे उदात्तीकरण नव्हे काय? सणगराच्या मुलाने सणगराच्याच खड्ड्यात बसावे, धनगराच्या मुलीने चरख्यापाशीच जन्म काढावा, असे कोणाला वाटते काय? तसे वाटणे हे प्रतिगामीपणाचे लक्षण ठरेल. जन्माने ठरलेला धंदा ही कला टिकवण्याची किंमत असेल तर ती किंमत समाजाने देऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली गांधीविचारावर टीका करताना यंत्राचा पुरस्कार केला तो याच भूमिकेवरून. माणसाला पशूसारख्या कष्टांतून सोडवून फुरसत देण्याचे सामर्थ्य यंत्रात आहे आणि फुरसतीवाचून संस्कृती संभवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. हस्तकलेच्या चाहत्यांनी हा विचार आपला शत्रू मानू नये. प्रेरणेच्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. यंत्राने फुरसत निर्माण केली खरी. ती कोणाच्या वाट्याला गेली, हा राजकारणाचा प्रश्न आहे. ऊस तोडणाऱ्या बाईच्या वाट्याला ती आली नाही, एवढे निश्चित.

हात आणि बुद्धी यांची फारकत न करण्याची परंपरा याच भूमीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि कमवा व शिका हे तत्त्व रुजवले. श्रम करणारा विद्यार्थी तेथे कमी प्रतीचा मानला गेला नाही. औंध संस्थानात, जेथील राजे स्वतः चित्रकार होते आणि जेथे १९३९ साली लोकांच्या हाती कारभार सोपवणारी घटना अमलात आली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैद्यांची वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेल्या माणसालाही सर्जक श्रम माणूस बनवू शकतो, या श्रद्धेवर ती उभी होती. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला आधार मिळाला तो याच प्रयोगाचा. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली ‘बनगरवाडी’ लिहिली ती याच मेंढपाळांच्या जीवनावर. माणदेशाला सर्जनशीलतेचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ पाण्याचा होता, मजुरीचा होता आणि वेळेचा होता.

शहरी प्रदर्शनांत घोंगडी पुन्हा दिसू लागली आहे, ही दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिच्या पिशव्या होतात, आसने होतात, भिंतीवर लावण्याचे पट्टे होतात. यातून काही घरांना काम मिळते आणि ते थांबवण्याचे कारण नाही. परंतु विल्यम मॉरिस या इंग्रज कारागिराचा अनुभव येथे उपयोगी आहे. हाताने केलेल्या उत्तम वस्तू सामान्यांच्या घरात जाव्यात यासाठी त्याने जन्म वेचला, आणि आपल्या वस्तू केवळ धनिकांनाच परवडतात हे पाहून तो व्यथित झाला. त्या व्यथेने त्याला समाजवादाकडे आणले. १८८४ साली त्याने सोशॅलिस्ट लीगच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ज्या वस्तूचा गिऱ्हाईक केवळ शोभेसाठी ती घेतो, त्या वस्तूची कला फार दिवस सकस राहत नाही. राठपणाबद्दल, वजनाबद्दल, उबेबद्दल तक्रार करणारा वापरकर्ता नाहीसा झाला की विणकराचा गुरूच नाहीसा होतो.

स्वतंत्र भारतात हस्तकलांचा विचार शासनाच्या पातळीवर करणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या अग्रणी होत्या, हा योगायोग नव्हे. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. ते मंडळ केंद्र सरकारने २०२० साली बरखास्त केले. हातमाग मंडळही त्याच सुमारास गेले. ही मंडळे निर्दोष होती असे नाही, परंतु कारागिराचा आवाज सरकारी दप्तरात पोहोचण्याचे एक दार त्यांच्यासोबत बंद झाले. २०२३ साली आलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय मोजले आहेत. त्यांत सुतार आहे, कुंभार आहे, टोपल्या आणि चटया विणणारा आहे. लोकर कातणारी आणि घोंगडी विणणारा यांचे नाव त्या यादीत नाही. योजना कर्ज देते आणि अवजारे देते. लोकरीला भाव आणि मालाला गिऱ्हाईक देण्याची जबाबदारी ती घेत नाही. कर्ज काढून विकत आणलेल्या चरख्यावर न खपणारे सूत कातले जाईल, तर त्यातून केवळ हप्ता निर्माण होईल.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट लोकरीची. दहिवडी आणि रांजणी येथे राज्याच्या मेंढी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ठरावीक किमान भावाने खरेदी, तिची निवड आणि पिंजणी, हे काम अशा ठिकाणांच्या आसपास सहकारी पायावर उभे करता येण्याजोगे आहे. पिंजण्याचे कष्ट फुप्फुसाला घातक असतात. तेथे लहान यंत्र आणण्यास कोणाचाही विरोध असू नये. डॉ. लोहिया ज्या लहान यंत्राची भाषा करीत, ते हेच. कष्टाचा भाग यंत्राने उचलावा आणि निर्णयाचा भाग हाताकडे राहावा.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. आश्रमशाळा, वसतिगृहे, सरकारी दवाखाने यांना पांघरुणे लागतातच. त्यांतील काही हिस्सा घोंगडीचा असावा, हे धोरणाने ठरवता येते. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्यात महामंडळ स्थापन झालेले आहे. कोपीत झोपणाऱ्या प्रत्येक मुलाला हंगामाच्या आरंभी एक लोकरी पांघरूण मिळावे आणि ते माण-आटपाडी-जतच्या मागांवर विणलेले असावे, ही मागणी अवाजवी नाही. सडणारी लोकर आणि कुडकुडणारे मूल यांची गाठ घालून देणारा याहून सरळ मार्ग दिसत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मजुरीची. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापुरात प्रयोगाला लावली आणि १९७७ साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व जगाला देणारा हा जिल्हा आहे. त्या तत्त्वाने खडी फोडण्याला काम मानले, बांध घालण्याला काम मानले. सूत कातण्याला आणि वाकळ शिवण्याला काम मानले नाही. बाईचे घरातील श्रम हे श्रमच नव्हेत, ही जुनी समजूत पुरोगामी कायद्यातही टिकून राहिली. एका घोंगडीमागे कातणीचे किती तास जातात हे मोजून त्या तासांना किमान वेतनाचा दर लावला पाहिजे, आणि वस्तूची किंमत त्यावरून ठरली पाहिजे. आज क्रम उलटा आहे. किंमत बाजार ठरवतो, त्यातून व्यापारी, विणकर यांचे वजा जाता जे उरते ते कातणारीला मिळते, आणि बहुधा काहीच उरत नाही.

या मागण्या आपोआप मान्य होणार नाहीत. आटपाडीची पाणी परिषद १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांना वर्षानुवर्षे एकत्र आणत राहिली, तेव्हा कृष्णेचे पाणी माळावर चढू लागले. लोकरीचा प्रश्न पाण्याहून लहान आहे, पण त्याची जात तीच आहे. माण, आटपाडी, जत येथील कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात ग्रामसभेपुढे तीन साधे प्रश्न ठेवावेत. गावात चालू चरखे आणि माग किती आहेत? या वर्षी कातरलेली लोकर कोठे गेली आणि कोणत्या भावाने गेली? सूत कातणाऱ्या बाईला दिवसाकाठी काय पडले? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि तालुक्याला एकत्र करावीत. ती यादी हाती आली म्हणजे महामंडळाच्या, जिल्हा परिषदेच्या आणि साखर कारखान्यांच्या दारात काय मागायचे ते वेगळे शिकवावे लागणार नाही. पुढील हिवाळ्यात घोंगडीच्या काठाला कोणता पट्टा घालावा हे ठरवण्यास ती बाई समर्थ आहे. त्यासाठी लागणारी लोकर, मजुरी आणि दिवसातील चार तास तिच्या पदरात पडतील एवढे संघटनेने पाहावे.